निनांवी शिल्पकारांचें ऋण

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें आपल्या शास्त्रांनीं सांगितलीं आहेत. पहिलें यज्ञानें, दुसरें अध्ययनानें व तिसरें संततीनें फिटतें. परंतु ज्याचें नांव नाहीं, कुळ नाहीं, वंशज म्हणून पुढें येणारा कोणी नाहीं, अशा कारागिराचें ऋण कसें फेडावें? घारापुरीचीं लेणीं पाहतांना हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

हें लहानसें बेट मुंबईपासून तासाभराच्या जलप्रवासावर आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास तेथें डोंगर पोखरून शिवालय कोरलें गेलें, सुमारें ५.५ मीटर उंचीची त्रिमुखी सदाशिवप्रतिमा त्यांतलीच. तेथील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडल्याचें पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कूतो सांगतो. तो पुढें गहाळच झाला आणि कर्त्याच्या नांवाची आशाही त्याबरोबर गेली. ज्या दगडी हत्तीवरून बेटास ‘एलिफंटा’ हें नांव पडलें, तो १८६४ मध्यें विलायतेस नेण्याच्या खटपटींत फुटला. १९१४ मध्यें तुकडे सांधलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेंत उभा आहे. नांव बेटाकडे राहिलें, हत्ती मात्र शहरांत आला!

परळच्या शिवाची गति निराळी झाली. मुंबई स्वतःच सात बेटांची. त्यांपैकीं परळच्या बेटावर १९३१ मध्यें शिवडीकडे जाणारा रस्ता बांधतांना एक प्रचंड शिल्प सांपडलें. सुमारें ३.५ मीटर उंचीच्या एकाच शिळेंत सात शिवाकृति असून त्यांच्या पायाशीं वाद्यें घेतलेले गण आहेत. हें शिल्प घारापुरीच्याच काळाजवळचें मानतात. तें बारादेवीच्या मंदिरांत ठेवलें गेलें व आजही तेथें पूजिलें जातें; वस्तुसंग्रहालयांत त्याचा सांचा आहे.

कोणी म्हणेल, ही व्यवस्था उलटी आहे. मूळ वस्तु विद्वानांच्या देखरेखींत असावी. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. टांकीचा घाव सांच्यांत पुरता उतरत नाहीं, आणि भक्ताच्या हातचें तेल व शेंदूर दगडास हितकर नव्हे. तथापि विद्वानास परळ दूर नाहीं. त्यानें मंदिरांत जाऊन खुशाल पहावें. उलट, ज्या वस्तूपुढें माणूस हात जोडतो ती त्याच्यापासून नेली, तर प्रतिकृतीनें त्याची भरपाई होत नाहीं.

भक्त कारागिराला विसरतो, विद्वान् त्याच्या हेतूला विसरतो. शिल्पकारानें मूर्ति घडविली ती पूजेसाठीं. तिचा काळ ठरविला जावा यासाठीं नव्हे. म्हणून आमच्या मतें हें चौथें ऋण दोघांनीं मिळून फेडावयाचें आहे: भक्तानें दगड जपावा, विद्वानानें त्याची माहिती भक्तापर्यंत न्यावी, आणि मालकीचा हक्क दोघांपैकीं कोणीही सांगूं नये. ज्यानें तें घडविलें त्यानेंही तो सांगितलेला नाहीं.