ज्ञात्यांचे मूर्खपण

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी, सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी, इ. स. १६०८ च्या रामनवमीस जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास या नावाने महाराष्ट्रास ज्ञात झाला. शहाणा कोणास म्हणावे आणि मूर्ख कोणास, याचा त्यांच्याइतका तपशीलवार विचार मराठीत क्वचितच कोणी केला असेल. त्यांच्या ‘दासबोधा’च्या वीस दशकांपैकी दुसरे दशक मूर्खलक्षणांच्याच नावाने ओळखले जाते. त्याचा पहिला समास सामान्य मूर्खाला वाहिलेला आहे आणि शेवटचा, म्हणजे दहावा, पढतमूर्खाला.

पहिला समास लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. ती ही की, बुद्धीची मंदता किंवा विद्येचा अभाव यांना त्या लांबलचक यादीत जवळजवळ स्थानच नाही. स्वमुखे स्वतःची स्तुती करणारा, कारणावाचून हसणारा, दोघे बोलत असता तिसरा जाऊन बसणारा, पाण्यात चूळ टाकणारा, ग्रंथ आपण वाचीत नाही आणि दुसऱ्यासही वाचू न देता बांधून ठेवणारा, अशी ही मंडळी आहेत. यांतील प्रत्येकाचा दोष आचरणाचा आहे, आणि आचरण पालटता येते. म्हणूनच हे अवगुण त्यागासाठी सांगितले, असे समर्थ निक्षून बजावतात. कुळाच्या उच्चनीचतेविषयी आणि स्त्रियांविषयी या यादीत जे आले आहे ते त्या काळाचे आहे. ते आज टाकून द्यावे, त्याचे समर्थन करीत बसू नये.

पढतमूर्खाशी मात्र त्यांची भाषा अधिक कठोर होते. हा बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञान अस्खलित बोलतो. परंतु स्वतः वर्तल्यावाचून इतरांस शिकवतो, आणि ग्रंथ समूळ न पाहताच त्यास दूषण देतो. ही कठोरता मला सर्वस्वी न्याय्य वाटते. अज्ञ मनुष्यास सांगून पाहण्याचा उपाय तरी शिल्लक असतो. ज्याला सर्व काही ठाऊक आहे त्याच्या बाबतीत सांगण्याचे सामर्थ्यच संपलेले असते. १६३० च्या दुष्काळाने दख्खनचा मुलूख उजाड झाला तेव्हा ऐन तारुण्यात असलेल्या आणि पुढे देशभर पायी हिंडलेल्या या पुरुषास, ज्ञान आणि कृती यांतील अंतर किती महाग पडते हे कोणी वेगळे सांगावयास नको होते.

हे अंतर आज कोठे पाहावयाचे असेल तर ते जांबच्याच जिल्ह्यात, अंबड, घनसावंगी, बदनापूरच्या मोसंबीच्या बागांत पाहावे. हा सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा. त्याच्या वरच्या, झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात पावसाळ्यात जेवढे पाणी मुरते तेवढेच दरसालचे उत्पन्न. त्याखालच्या अखंड खडकात जे थोडके सापडते ते फार सावकाश साठलेले असते आणि एकदा उपसले की लवकर भरून येत नाही. ही शास्त्रज्ञांनीच जपलेली गुप्त विद्या नव्हे, बोअरची गाडी दारात उभी करणारा प्रत्येक शेतकरी ती जाणतो. २०१२-१३ च्या अवर्षणात वर्षानुवर्षे जोपासलेल्या बागा वाळल्या, आणि त्या तोडून सरपणास लावण्याची पाळी अनेकांवर आली, हेही तो विसरलेला नाही. सरकारासही ज्ञान कमी नाही. अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींस प्रतिबंध करणारा भूजल अधिनियम, २००९ हा कायदा आहे. तो दफ्तरात आहे, आणि शेकडो फुटांची बोअरे शिवारात आहेत.

मग या शेतकऱ्यास मूर्ख म्हणावे काय? मी म्हणणार नाही. शेजाऱ्याने तीनशे फुटांवरून पाणी ओढले आणि आपली विहीर आटली, तर कर्ज काढून चारशे फुटांवर जाणे हे त्याच्या एकट्याच्या दृष्टीने हिशेबाचेच ठरते. झाड डोळ्यांदेखत जळत असता त्याला संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु प्रत्येकाच्या अशा स्वतंत्र शहाणपणाची बेरीज केली की गावाचा सर्वनाश हाती येतो, आणि समर्थांच्या यादीतील व्यक्तिगत दोषांनी या सामुदायिक मूर्खपणाचा उलगडा पुरता होत नाही. पुरता होत नाही म्हणतो, कारण एक लक्षण त्याच्या अगदी निकट पोहोचते: घरी विवेक उमजतो, पण सभेत लाजतो, बोलताना गांगरतो, तो एक मूर्ख. पुढच्याच समासात, उत्तम लक्षणे सांगताना, सभेत लाजू नये असे त्यांनी पुन्हा स्पष्ट म्हटले आहे. शहाणपण ही घरात जपून ठेवण्याची मिळकत नव्हे, चारचौघांत उभे राहून ते बोलून दाखवावे लागते, या विचाराचे महत्त्व मला ‘दासबोधा’च्या अध्यात्माइतकेच वाटते.

याचा दाखला जालना तालुक्यातच आहे. कडवंची येथे १९९६ पासून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची कामे झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, चर आणि बंधारे यांची ही कामे एकाच्या शेतापुरती करता येतच नाहीत. वरच्याने पाणी अडविले तर खालच्याची विहीर भरते, म्हणून वरच्याची संमती सभेतच मिळवावी लागते. त्या पाण्यावर पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तेथेही शेततळी वाढत गेली हे लपवू नये. पावसाचे वाहते पाणी धरणारे शेततळे आणि विहिरीतून उपसलेले पाणी प्लास्टिकच्या अस्तरावर उन्हात साठविणारे शेततळे यांत विवेकाचाच फरक आहे. दुसऱ्या प्रकारात गावाच्या सामाईक पाण्यावर एकाची मालकी बसते आणि त्याचा काही अंश वाफ होऊन जातो. एकदा मिळविलेले शहाणपणही पुन्हा पुन्हा सभेपुढे आणावे लागते, ते यासाठी.

जालन्याच्या वाचकांस, आणि ज्यांच्या पायाखाली तोच खडक आहे अशा मराठवाड्यातील सर्वांस, माझी विनंती आहे. ग्रामसभा हे कायद्याने आपल्या हाती दिलेले स्थान आहे. पुढच्या सभेत आपल्या शिवारात पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कोठवर आली आणि उभ्या पिकास किती पाणी लागेल, हा ताळेबंद मांडण्याची मागणी करावी; आणि नवे बोअर घेण्याचा विषय निघेल तेव्हा, बोअर घेणारा आपला सख्खा भाऊ असला तरी, उठून बोलावे.