गोड आवाजातली बातमी

मोठे काका गेले तेव्हा मी बसमध्ये होतो. कानात इयरफोन, फोन खिशात, आलेले मेसेज वाचून दाखवायचं काम फोनकडे. आधी कुठल्याशा सेलची जाहिरात, मग ओटीपी, मग चुलतभावाचा मेसेज: ‘काका सकाळी गेले.’ शेवटी आवाज हलकासा वर गेला. अगदी प्रसन्न. जणू काका सकाळी फिरायला गेलेत.

राग आला तो त्या आवाजाच्या चांगलेपणाचा. पूर्वी फोनमधलं मराठी म्हणजे डब्यात बसून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. त्यानं ही बातमी दिली असती तर दुःख माझं मी आणलं असतं. या नव्या आवाजात श्वास आहे, चढउतार आहेत. मन समोर माणूस आहे असं धरून चालतं, आणि मग तो माणूस निर्दयी वाटतो.

मराठीत तर अर्थ कळल्याशिवाय उच्चारही ठरत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, की ‘तू सुखानं जग’ मधलं? दोन्हींतला ज वेगळा. यंत्र शेजारचे शब्द बघून अंदाज बांधतं, बऱ्याचदा बरोबर येतो. पण अंदाज बरोबर येणं म्हणजे कळणं का? (माणसंही पुष्कळदा नुसता अंदाजच बांधतात, ते सोडा.)

स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये शस्त्रक्रियेत गेला. त्यांना मिळालेला यंत्राचा आवाज डेनिस क्लॅट या संशोधकानं स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. पुढे जास्त नैसर्गिक आवाज आले, तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. शब्द त्यांचे होते, म्हणून आवाजही त्यांचा झाला. मला वाटलं, झालं, माझा मुद्दा सिद्ध. आवाज पत्र्याचा असला तरी चालेल, त्यानं भावनेचं सोंग आणू नये.

हे एका अंध मैत्रिणीला ऐकवलं. ती ईस्पीकचा आवाज वापरते, इतक्या वेगात की मला एक शब्द कळत नाही. रेकॉर्डिंगचे तुकडे न जोडता गणितानं घडवलेला तो आवाज; कोरडा, पण वेग वाढवला तरी फाटत नाही.

“कामाला हाच बरा,” ती म्हणाली. “पण कादंबरी ऐकायची तर मला तुझा तो गोड आवाजच हवा. तुला डोळे आहेत, म्हणून पत्रा परवडतो.”

मी गप्प झालो.

घरच्या ग्रुपचे मेसेज वाचून दाखवणं मी आता बंद केलंय. बघून वाचतो. तिला ते बंद करता येत नाही.