उसना दात

उन्हं कलायला साकोलीहून एकोडीला पोचलो. आजी ओसरीवर पालथ्या टोपलीवर हात ठेवून बसली होती. टोपलीत फडफड चाललेली. बाजूला मांजर, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"बुलबुल आहे," आजी म्हणाली. "जित्ता आनला. पिल्लायसमोर टाकला."

"शिकवते आहे ती त्यांना. मग सोडायचा की ठेवायचा?"

"सोडतेच. पन तिले काय सांगू? दोन वेर दूधभात घालतो मी."

दूधभातानं मांजराचं भागत नाही, मी म्हणालो. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावं लागतं. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली मांजरांना भरपूर मांस असलेलं खाणं दिलं, तेव्हा घरात येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर २५ टक्क्यांनी. गळ्यात घुंगरू बांधून मात्र काही फरक दिसला नाही.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बोडीतली मासोरी आनून घालू? हिनं पाखरू मारलं तं पाप, अन् हिच्यासाठी मी मासोरी मारली तं पुन्य?"

मी गप्प. आजी महानुभाव, घरात अंडंसुद्धा शिजत नाही.

"स्वामीच्या मांडीखाली ससा शिरला होता," ती म्हणाली. "शिकारी मागं होते. स्वामीनं देला का?"

लीळाचरित्रातली ती गोष्ट मी तिच्याच तोंडून लहानपणी ऐकलेली. तेव्हा शंका आली नव्हती, आता आली. "आजी, शिकाऱ्यांना सांगता येतं, समजावता येतं. ते घरी जाऊन भात खातील. शिबी राजाला ससाण्यानं विचारलं होतं, कबुतर वाचवतोस, मग माझी भूक कुठं ठेवू? राजाला मांडीचं मांस कापून द्यावं लागलं."

"माजी मांडी पुरन का हिले?" आजी हसली. मांजर हललं नाही.

"आणि मागच्या खेपेला उंदीर आणला होता, तेव्हा टोपली कुठं होती?"

"उंदीर ढोलीतला धान खाते."

"बुलबुल सांदवाडीतल्या मिरच्या खातो."

"मिरची किती, धान किती!"

हे उत्तर तिलाच पटलं नसावं. टोपलीवरची बोटं थोडी सैल झाली, पुन्हा घट्ट झाली.

"बरं, बांधीवर घार रोज उंदीर उचलते. तेव्हा धावतेस?"

"घार माज्या घरची नाही." मग बराच वेळ थांबून म्हणाली, "मांजर काहून आनली मी? उंदरासाठी. माज्या हातानं मारवत नाही म्हून. दात तिचा, पन उसना घेतला कोनं? मीच ना?"

मी घरून मांजराचा स्वभाव समजावण्याची तयारी करून आलो होतो. तिनं वेगळंच बाहेर काढलं. कित्येक वर्षं या घरात कुणी जीव मारला नाही, आणि ढोलीतला धानही शाबूत राहिला, या दोन्ही गोष्टींचा आम्हाला अभिमान. दोन्ही एकत्र कशा जमल्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

मांजर आत कोंडून आजीनं कुंपणापाशी टोपली उचलली. बुलबुल क्षणभर बसून राहिला, मग तिरपा उडाला. मांजराचा दात लागलेलं पाखरू वरून धड दिसलं तरी बहुधा जखम चिघळून एक-दोन दिवसांत मरतं. हे मला ठाऊक होतं. आजीला सांगितलं नाही. तिलाही ठाऊक असावं, कारण तो गेला त्या दिशेला ती फार वेळ बघत राहिली.

जेवणं झाल्यावर मांजरानं मागल्या दारानं काहीतरी आणून माझ्या पायाशी टाकलं. उंदराचं पिल्लू. जिवंत. सरपटत ढोलीखाली गेलं.

मी पाय वर घेतले. आजीनं कोपऱ्यातली टोपली काढून माझ्या हातात दिली.

"ऊठ गा," म्हणाली.