तिखट कान, हलके कान

शौकीन माणसाला फसवणं सोपं असतं, असा एक समज आहे. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. फसवायला सोपा असतो तो निष्काळजी माणूस. तो पासबुक न उघडताच खिशात घालतो आणि कोऱ्या फॉर्मवर सही ठोकून ‘बाकीचं तुम्हीच भरा हो’ म्हणतो. शौकिनाचं तसं नाही. आंबा असो, अत्तर असो की जुनं नाणं असो. तो ते उजेडात धरतो, हुंगतो, उलटंपालटं करतो, नाक मुरडतो आणि मगच पाकिटाला हात घालतो. असल्या माणसाला फसवणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. त्याला त्याचं दैवतच लागतं.

२०२२ साली अमेरिकेतल्या रेकॉर्डवेड्या मंडळींचं असंच झालं. रेकॉर्ड म्हणजे आमच्या बँकेत वाळवीसाठी राखून ठेवतात ते नव्हे. गाण्याची, काळी, गोल, मधे भोक असलेली तबकडी. ती जमात आता संपली असं आपल्याला वाटतं, पण ती चांगली वाढते आहे. एक नमुना माझ्या सासुरवाडीलाच आहे. माझा धाकटा मेव्हणा तबकडी हातात घेण्याआधी हात धुतो. जेवणाआधी धुतोच असं नाही.

या मंडळींचा एक धर्म आहे आणि त्यात एकच पाप आहे. ते म्हणजे डिजिटल. मेव्हण्याने मला समजावलं ते असं : टेपवर आवाज जसाच्या तसा, लाटेसारखा सलग उतरतो; त्याला अ‍ॅनालॉग म्हणायचं. डिजिटलमध्ये त्याच आवाजाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा आकडा लिहून ठेवतात. ‘आणि भावोजी, एकदा का आवाजाचा आकडा झाला की त्यातला जीव गेला!’ ज्याचा सारा जन्म आकड्यांत गेला त्याच्या तोंडावर हे बोलणं बरं नव्हे, पण मेव्हणा म्हटल्यावर ऐकून घ्यावं लागतं.

तर या धर्माचं एक काशीक्षेत्र होतं. मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब, लाडाने ‘मोफी’. १९७७ सालापासून ही कंपनी नामांकित गायक-वादकांच्या मूळ टेपा मिळवून त्यांच्या उंची तबकड्या काढत आली. वेष्टणावर वरच्या बाजूला पट्टी असायची, ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’. ही पट्टी दिसली की शौकिनाने डोळे मिटायचे, कान उघडायचे आणि पैसे मोजायचे.

तबकडी कशी तयार होते हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. टेप वाजवून तिच्यावरून एका मऊ लेपाच्या चकतीवर खाचा कोरतात. तिला लॅकर म्हणतात. लॅकरवरून धातूचा साचा घेतात, त्याचं नाव फादर. फादरपासून मदर. मदरपासून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परने तबकड्या छापतात. असं हे सुखी एकत्र कुटुंब. मोफीने विचार केला की मधली माणसं जितकी जास्त तितकी मूळ गोष्टीची नासाडी जास्त, आणि आई-बापांना वगळून लॅकरवरून थेट छपाईचा साचा काढला. या विभक्त कुटुंबपद्धतीला ‘वन-स्टेप’ असं नाव दिलं आणि एका संचाची किंमत ठेवली सव्वाशे डॉलर. आतल्या कागदावर सगळी साखळी चित्र काढून छापलेली असायची. चित्रात आकड्यांचं यंत्र कुठेही नव्हतं.

आता मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’. १९८२ सालचा हा जगप्रसिद्ध आल्बम वन-स्टेप पद्धतीने काढायचं मोफीने जाहीर केलं. प्रती चाळीस हजार. इथे काही खवट लोकांनी भागाकार केला. आई-बाप नसले की साचे लवकर झिजतात, एका साच्यातून मोजक्याच प्रती निघतात. म्हणजे चाळीस हजारांसाठी ढीगभर लॅकर कोरायला हवेत, आणि दर वेळी ती मूळ, जुनी, अनमोल टेप पुन्हा वाजवायला हवी. ती टेप इतक्या वेळा कोण वाजवू देईल? जगातले पुष्कळसे घोटाळे नीतिमत्तेमुळे उघडकीला येत नाहीत, भागाकारामुळे येतात, असं माझं जुनं मत आहे.

जुलै २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या माइक एस्पोझिटो या गृहस्थांनी जाहीरपणे सांगितलं की मोफीच्या तबकड्या डिजिटल फायलींवरून निघतात, असं आपल्याला कळलं आहे. गावभर गिल्ला झाला. कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियात सेबॅस्टोपोल इथल्या आपल्या कार्यशाळेत बोलावलं, आणि तिथे कंपनीच्याच तंत्रज्ञांनी कॅमेऱ्यासमोर सरळ सांगून टाकलं. होय, आम्ही टेपवरून आधी डिजिटल प्रत घेतो. ही पद्धत २०११ पासून चालत आली होती. म्हणजे अकरा वर्षं!

ती डिजिटल प्रत काही बाजारू नव्हती. डीएसडी नावाची पद्धत. तिच्या साध्यात साध्या प्रकारातसुद्धा एका सेकंदाला २८,२२,४०० वेळा आवाजाची नोंद होते. आमच्याकडे एका नोंदीला दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे या वेगाची मला भीतीच वाटते. तंत्रज्ञांचं म्हणणंही गैर नव्हतं. जुनी टेप एकदाच नीट वाजवायची, उत्तम प्रत घ्यायची, मग हवे तितके लॅकर कोरायचे. टेपही वाचते, आवाजही सरस येतो. आणि मौज म्हणजे आवाज खरोखरच सरस आला होता. डिजिटल दुसऱ्या खोलीत वाजलं तरी ज्यांचं डोकं दुखतं असे तिखट कानांचे जाणकार याच तबकड्यांना अकरा वर्षं मान डोलावत होते. ‘बघा, याला म्हणतात अ‍ॅनालॉग!’

मग वाद पेटला. एक पक्ष म्हणाला, हा उघड दगा आहे, पैसे परत करा. दुसरा पक्ष म्हणाला, अहो, तुमच्या कानांना कळलं नाही, उलट तुम्ही वाहवा केलीत. मग फसवणूक झाली कुठे? आणि पहिल्या पक्षाचा अर्धा संताप कंपनीवर नव्हताच. तो स्वतःच्या कानांवर होता.

दुधात पाणी घालणारा गवळी आपल्याला समजतो. पण दुधात गुपचूप साय घालणारा गवळी भेटला, तर त्याला चोर म्हणायचं की मामा म्हणायचं?

हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आहे, पण बी.कॉम. झालेल्या माणसाला त्यात एक आधार आहे. १८७२ सालच्या आपल्या कराराच्या कायद्यात सतरावं कलम फसवणुकीचं. त्याखाली एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. परीक्षेनंतर सगळं कॉमर्स विसरलं तरी हा घोडा मनातून जात नाही. अ ने ब ला लिलावात खोड असलेला घोडा विकला आणि खोडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. ही फसवणूक नव्हे! नुसतं गप्प बसणं गुन्हा नाही. पण ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्याने बोलायलाच हवं, कारण नातं तसं आहे. आणि ब जर म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट समजेन,’ आणि तरी अ गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजेच बोलणं.

अमेरिकेत आपला कायदा चालत नाही, पण घोडा सगळीकडे सारखाच असतो. मोफीचा घोडा धडधाकट होता, पळालाही फक्कड. खोट होती ती त्याच्या वंशावळीत. आणि गिऱ्हाईक तर अकरा वर्षं पट्टीकडे आणि चित्राकडे बोट दाखवून म्हणत होतं, ‘तुम्ही नाही म्हणत नाही, तेव्हा मी ही अ‍ॅनालॉगच समजतो हं!’ कंपनी गप्प होती.

‘मग काय झालं?’ असं विचारणाऱ्यांसाठी दुसरा दाखला आमच्या खात्यातला. पूर्वी चेक स्वतः गोण्यांत बसून या बँकेतून त्या बँकेत जायचा. आता तो घरीच बसतो आणि त्याचं चित्र जातं. म्हणजे आम्हीही साखळीत मधेच डिजिटल पायरी घातली. पण ती चोरून घातली नाही. २००२ साली त्यासाठी कायदा बदलला, मग गिऱ्हाइकांना सांगितलं. आणि आजही एखादे आजोबा काउंटरवर येऊन ‘माझा अस्सल चेक कुठाय?’ म्हणून दम देतात, तो आम्ही खाली मान घालून ऐकतो. पायरी तीच, फरक सांगण्याचा. मोफीला हा दम नको होता. सांगितलं तर गिऱ्हाईक पळेल, हे तिला ठाऊक होतं. आणि सांगितल्याने गिऱ्हाईक पळणार असेल, तर लपवलेली गोष्ट बारीकसारीक नव्हती, हे लपवणाऱ्यानेच कबूल केल्यासारखं झालं.

‘पण त्यांची समजूतच खुळी होती ना!’ असं मी एकदा घरी म्हणून पाहिलं. डिजिटलने आवाजातला जीव जात नाही हे तर सिद्धच झालं. तेव्हा एका खुळ्या समजुतीपोटी हे लोक फसले, त्यात रडायचं काय?

यावर आमच्या सौ.ने तवा उतरवता उतरवता जे सांगितलं त्यापुढे सतरावं कलम फिकं आहे. ‘अहो, समजा चातुर्मासात आत्याबाई आल्या आहेत. त्या कांदा-लसूण खात नाहीत. मी आमटीत वाटून घातलं, वर मसाल्याचा मारा केला, त्यांना कळलं नाही, त्यांनी दोनदा मागून घेतली. कांद्याने काही बिघडत नाही हे खरंच आहे. मग मी चांगलं केलं का?’

मी गप्प बसलो. आणि हे गप्प बसणंही बोलण्यासारखंच होतं.

आत्याबाईंचा नेम शहाणपणाचा की खुळा, हा वेगळा वाद आहे. तो त्यांच्याशी समोरासमोर घालावा, खुशाल घालावा. पण त्यांच्या पानात तो परस्पर निकालात काढायचा अधिकार वाढणाऱ्याला नाही. चुकीचा हट्ट धरणाऱ्या माणसालाही खरं ऐकण्याचा हक्क असतो. किंबहुना तो हट्ट सुटायचा तर त्याला खरंच कळायला हवं. मोफीने २०११ सालीच ताठ मानेने म्हटलं असतं की, ‘बाबांनो, ही डिजिटल पायरी, ऐका आणि सांगा,’ तर निम्मी गिऱ्हाइकं गेली असती कदाचित, पण उरलेल्यांचा धर्म सुधारला असता. आता झालं असं, की डिजिटल चांगलं असतं ही खरी बातमी खोट्याच्या तोंडून आली, त्यामुळे ती कोणी मनावर घेईना.

आणि नुकसान झालं ते आवाजाचं नाहीच. मला वाटतं, नावाजलेल्या माणसाकडून आपण वस्तू घेतो तेव्हा जास्तीचे पैसे मोजतो ते न तपासण्यासाठी. विश्वासातला सोनार, विश्वासातला डॉक्टर, विश्वासातला आंबेवाला. तिखट कानांचा शौकीनसुद्धा एका जागी जाणूनबुजून हलक्या कानाचा होतो, कारण चोवीस तास कान टवकारून गाणं ऐकता येत नाही. मेव्हण्याकडे मोफीची एक तबकडी आहे, न्यू जर्सीतल्या चुलतभावाने आणलेली. खाचा त्याच, सुई तीच, आवाज तोच. पण आता तो ऐकत नाही, तपासतो. शेजारी एक अदृश्य ऑडिटर बसलेला असतो.

कंपनीच्या अध्यक्षांनी आपली भाषा संदिग्ध होती म्हणून माफी मागितली. आता तबकडीच्या माहितीत मूळ टेप, डिजिटल प्रत असा सगळा प्रवास लिहून येतो, आणि तबकड्या खपतातही. कोर्टातल्या दाव्यात सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. तीत गिऱ्हाइकाला निवड होती. तबकडी परत द्या आणि सगळे पैसे न्या. किंवा तबकडी ठेवा आणि किमतीच्या पाच टक्के रोख न्या, नाहीतर दहा टक्क्यांची सवलत घ्या. कुठल्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकात इतका नेमका प्रश्न मी पाहिला नाही. सव्वाशे डॉलरचे पाच टक्के म्हणजे सव्वासहा डॉलर.

चुलतभावाने फोन करून विचारलं, काय करू? मेव्हणा म्हणाला, ‘तबकडी देणार नाही. सुरेख वाजते. पण ते सव्वासहा डॉलर सोडू नकोस.’

मी हसलो नाही. आमच्याकडे संध्याकाळी हिशेबात सव्वासहा रुपयांचा फरक आला, तर चार माणसं घरी जाणारी गाडी सोडून तो शोधत बसतात. सव्वासहा रुपये खिशातून टाकून मोकळं होणं सहज शक्य असतं. पण तसं करत नाहीत.