नेढ्यातले फेरे

भाचीच्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. वर आईची धुऊन धुऊन मऊ झालेली नऊवारी, आत जुन्या धोतराचे दोन थर, खाली मलमल. हाताने धावदोरा घालत बसायचा धीर नव्हता. मशीनवर नक्षीचे टाके आहेतच, तर कडेने पानांची वेल काढू म्हटलं. तिसऱ्या पानाला दोरा तुटला. ओवला. चौथ्याला पुन्हा तुटला. टेन्शनचा खटका फिरवून पाहिला, मशीनला तेल पाजलं आणि सातव्यांदा तुटल्यावर दोरा विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरमास्तरांकडे मशीन आणि रीळ घेऊन गेले. त्यांनी रिळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तुटलेलं टोक तेवढं उजेडात धरलं. कापसाच्या वातीसारखं पिंजारलेलं होतं. "ताई, हा तुटला नाही, झिजलाय. सुई कितीची आहे?"

मग त्यांनी जो हिशेब सांगितला, तो इतकी वर्षं मशीन चालवूनही माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मला वाटायचं, दोरा रिळावरून निघतो, नेढ्यातून जातो आणि कापडात बसतो. तसं नसतं. प्रत्येक टाक्याला खालचं शटल वरच्या दोऱ्याचा फास ओढून बॉबिनभोवती फिरवतं. त्याला बोटभर दोरा लागतो, पण टाक्यात मुरतो जेमतेम तीन मिलिमीटर. उरलेला परत वर. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा कापडात बसण्याआधी त्याच नेढ्यातून वीस-तीस वेळा वरखाली घासला जातो. नक्षीत टाके बारीक आणि दाट, पानाच्या टोकाशी तर सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा उतरते. तिथे फेरे आणखी वाढतात. मला दिसला तो फक्त शेवटचा फेरा.

आई दोरा ओवताना हातभरच घ्यायची. लांब घेतला की रागवायची. मी ते काटकसरीच्या खात्यात टाकलं होतं, फार तर गुंता होऊ नये म्हणून असेल असं वाटायचं. हाताच्या शिवणातही लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून ओढला जातो आणि शेवटच्या वीतभरात त्याचा जीव गेलेला असतो, हे तिच्या बोटांना ठाऊक असणार. तिने कधी समजावून सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मास्तरांनी माझी सुई काढून १६ नंबरची घातली. तिचं नेढं मोठं, अंगावरची खाचही खोल, त्यामुळे दोरा त्या खाचेत दडून थरांतून जातो. वरचं टेन्शन थोडं सैल केलं. दोरा ओवताना मशीनचा पाय वर उचललेलाच हवा, नाहीतर दोरा टेन्शनच्या चकत्यांच्या मधे बसत नाही आणि खाली गुंतवळ होते, हे त्यांनी दोनदा बजावलं. जरीचा दोरा असेल तर रीळ मशीनपासून लांब ठेवायचं, म्हणजे त्याचा पीळ वाटेतच सुटतो. आणि दुपटं मांडीवरून खाली लोंबू द्यायचं नाही. वजनाने ते सुईला ओढतं, सुई केसभर वाकते आणि वाकलेली सुई दोऱ्याला कुरतडते. डाव्या हाताला स्टूल ठेवायचं. एवढं साधं!

घरी येऊन आधी त्याच थरांच्या चिंधीवर चार पानं काढली. मग हळू पायडल दाबत पूर्ण वेल. वेग वाढवायचा मोह कोपऱ्यावर झाला आणि तिथे एकदा तुटलाच. तो मात्र माझा दोष.

दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेले, तर मास्तर माझी जुनी सुई पाटीवर ठेवून फिरवत होते. वरवर सरळच दिसत होती. फिरली की टोक किंचित लंगडायचं. त्यांनी ती एका गोल डबीत टाकली. डबी हलवून दाखवली, आत पन्नासेक तरी असतील. "फेकायच्या नसतात," ते म्हणाले, "कुणाच्या पायात जातात."