उजवा हात, डावा डोळा

मनुष्यशरीरात ज्या अवयवांच्या जोड्या आहेत त्यांतील दोन्ही अवयव समान योग्यतेचे असतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हातांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही, हे लहान मुलासही ठाऊक आहे. कारण जेवताना, लिहिताना, दगड भिरकावताना एक हात धनी होतो आणि दुसरा त्याच्या हाताखालचा गडी होतो. परंतु डोळ्यांतही असाच एक वडील व एक धाकटा असतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही जन्मभर ठाऊक नसते. तिची प्रचीती घेणे मात्र अगदी सोपे आहे. दोन्ही हात समोर लांब करून तळहातांच्या मध्ये रुपयाएवढी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा एखादा दिवा पाहावा आणि मग एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. एक डोळा मिटला तरी दिवा जागच्या जागी राहतो. दुसरा मिटला की दिवा नाहीसा होतो. ज्याच्या मिटण्याने दिवा नाहीसा झाला तो आपला वडील डोळा. आपण दोन्ही डोळ्यांनी पाहत होतो असे आपणांस वाटत होते. वस्तुतः नेम एकट्याच्याच सांगण्यावरून धरला गेला होता.

इटलीतील जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरील ग्रंथात ही गोष्ट नमूद केली आहे. हाताच्या फटीची युक्ती वॉल्टर माइल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९२९-३० च्या सुमारास या विषयाचा अभ्यास केला. दहांपैकी सुमारे नऊ माणसे उजव्या हाताची असतात. पण उजव्या डोळ्याची माणसे तीनांपैकी दोनच्या आसपास असतात. यावरून उघडच होते की, ज्यांचा हात उजवा आणि डोळा मात्र डावा, अशी माणसे आपल्या अवतीभोवती शेकड्यांनी वावरत असली पाहिजेत. त्यात अस्वाभाविक असेही काही नाही. उजव्या हाताची हालचाल मेंदूच्या डाव्या अर्धाकडून होते व डाव्या हाताची उजव्याकडून. पण प्रत्येक डोळ्याने पाहिलेले मात्र मेंदूच्या दोन्ही अर्धांकडे वाटले जाते. हाताचे वडीलपण आणि डोळ्याचे वडीलपण यांची मुळे अशी निरनिराळी असल्यामुळे, ती दोन्ही एका बाजूस यावीत असा निसर्गाचा काही करार नाही.

नित्याच्या व्यवहारात या विसंगतीचा उपद्रव कोणास जाणवत नाही. ती उघडकीस येते ती बंदूक हाती घेतल्यावर. पिस्तूल धरणारा हात लांब केलेला असतो. मान किंचित वळविली की कोणताही डोळा माशीच्या रेषेत आणता येतो. रायफलीचे तसे नाही. तिचा दस्ता खांद्यात रुतवावा लागतो, गाल दस्त्यावर टेकवावा लागतो. म्हणून ज्या बाजूचा खांदा त्याच बाजूचा डोळा नळीच्या मागे येतो. आता ज्याचा हात उजवा आणि वडील डोळा डावा, त्याची स्थिती पाहा. हाताच्या सवयीने दस्ता उजव्या खांद्याला गेला, उजवा डोळा खाच व माशी यांच्या रेषेत आला. पण मेंदूला विश्वास डाव्या डोळ्याचा, आणि तो डोळा तर नळीकडे बाजूने पाहत आहे! मग दोन प्रतिमांची भेसळ होते आणि कोणती खरी हे ठरविण्यातच क्षण निघून जातो. छऱ्यांच्या काडतुसाच्या बंदुकीने उडत्या वस्तूवर नेम धरताना दोन्ही डोळे उघडे ठेवण्याची रीत आहे. अशा वेळी डावा डोळा नळीचे टोक आपल्या रेषेत ओढून घेतो आणि बार लक्ष्याच्या डावीकडून निघून जातो. मारणाऱ्यास मात्र आपण बरोबर नेमावर होतो अशीच खात्री असते.

या खात्रीमुळेच हा प्रश्न नुसत्या नेमबाजीचा राहत नाही. छात्रसेनेच्या मैदानावर नेहमी दिसणारे दृश्य असे असते की, एखाद्या मुलाच्या गोळ्या वारंवार चुकतात आणि त्यास ऐकविले जाते की, तुझे चित्त ठिकाणावर नाही, तू आळशी आहेस, तू चाप झटका देऊन ओढतोस. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा त्यास पुनः एकदा सांगण्यात येते आणि केवळ पक्ष्याचा डोळा पाहणाऱ्या अर्जुनाचा आदर्श त्याच्यापुढे ठेवला जातो. एकाग्रतेचे महत्त्व कोण नाकारील? परंतु सर्व चुका एकाग्रतेच्याच अभावी होतात, हे त्या कथेत कोठेही सांगितलेले नाही. शिवाय ज्या अर्जुनाचे उदाहरण द्यावयाचे, त्यास महाभारत सव्यसाची म्हणते. डाव्या हातानेही बाण सोडण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी होते. आपल्या या मुलाची एकाग्रता जितकी वाढेल तितका त्याचा डावा डोळा अधिक जोराने आपला अधिकार गाजवील, आणि मन लावून केलेला प्रयत्न त्यास अधिकच चुकीच्या जागी नेईल. रचनेतून उत्पन्न झालेल्या दोषास चारित्र्याचा दोष ठरविणे हा एक अन्याय आहे. तो अन्याय शिकणाराही लवकरच स्वतःवर करू लागतो, ही त्याहून दुःखाची गोष्ट होय.

मग यावर उपाय कोणते? अनुभवी शिक्षक दोन सांगतात. पहिला असा की, बंदूक डोळ्याच्या बाजूस न्यावी. म्हणजे डाव्या डोळ्याच्या माणसाने डाव्या खांद्यावरून मारण्यास शिकावे. दुसरा असा की, बंदूक आहे तेथेच ठेवून वडील डोळ्यास दूर करावे. तो घट्ट मिटला तर चेहऱ्याचे स्नायू थकतात. म्हणून त्याच्यापुढे पांढरट पट्टी धरतात, ज्यायोगे उजेड आत येतो पण लक्ष्य दिसत नाही. पहिल्या उपायात हात डोळ्याचे ऐकतो, दुसऱ्यात डोळ्यास हातासाठी मागे सरावे लागते. नवशिक्यास बहुधा पहिला उपाय सुचवितात आणि ज्याची सवय पक्की झाली आहे त्यास दुसरा. या भेदामागील तत्त्व विचार करण्याजोगे आहे. हात शिकतो, डोळ्याचे वडीलपण सहसा शिकवून बदलत नाही. जो शिकू शकतो त्याने नमावे, हा न्याय येथे लावलेला आहे.

हात किती शिकतो याविषयी प्राचीनांनाही कुतूहल होते. प्लेटोने आपल्या ‘लॉज’ या संवादाच्या सातव्या भागात असे प्रतिपादिले आहे की, हातांतील उजवे-डावे हा निसर्गाचा भेद नसून दाया व माता यांच्या अविचाराचे ते फळ आहे. सिथियन लोक धनुष्य व बाण दोहोंसाठी दोन्ही हात सारखेच वापरतात, याचा तो दाखला देतो. ॲरिस्टॉटलने अधिक सावधपणा दाखविला. उजवा हात निसर्गतःच अधिक समर्थ असतो, तरीही सर्व माणसांना दोन्ही हातांनी समर्थ होणे शक्य आहे, असे तो नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हणतो. आणि हे तो सांगतो ते निसर्गसिद्ध न्याय व मनुष्यकृत न्याय यांच्या चर्चेत. निसर्गसिद्ध म्हणून अपरिवर्तनीय, असे त्यास मान्य नव्हते. या मताची सत्यता दाखविणारे उदाहरण हंगेरीतील कारोली टाकाच याचे होय. हा सैनिक पिस्तुलाचा नामांकित नेमबाज होता. १९३८ साली सरावाच्या वेळी हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डावा हात शिकविला आणि त्याच हाताने १९४८ साली लंडन येथे व १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. त्याचा प्रश्न हात व डोळा यांच्या विसंगतीचा नव्हता. परंतु प्रौढ वयातही हातास नवी विद्या येते, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

तथापि हात शिकावयास तयार असला तरी शस्त्र तयार असतेच असे नाही. ब्रिटिश व हिंदी फौजांनी दोन महायुद्धांत वापरलेल्या ली-एन्फील्ड रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूस असे. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्यास तो मागेपुढे करण्यासाठी हात वरून पलीकडे न्यावा लागे. १९८५ पासून ब्रिटिश फौजेत आलेली रायफल तर अशा घडणीची आहे की, तिची रिकामी काडतुसे उजवीकडे आणि चेहऱ्याच्या अगदी निकट बाहेर पडतात; त्यामुळे ती डाव्या खांद्यावरून मारताच येत नाही आणि डावखुऱ्या सैनिकासही उजव्याच खांद्याची सवय करावी लागते. बहुसंख्यांच्या सोयीने शस्त्र घडविले जाते आणि मग अल्पसंख्यांना सांगण्यात येते की, दोष तुमच्या डोळ्यांत आहे. समाजाचे आचारही पुष्कळदा असेच घडलेले असतात, हे सांगण्यासाठी मोठ्या पांडित्याची जरुरी नाही.

येथपर्यंत आल्यावर नीतीच्या प्रश्नास हात घालणे प्राप्त आहे. मनुष्यास जे योग्य दिसते ते एका बाजूस आणि त्याच्या हातांस जे वळण पडलेले असते ते दुसऱ्या बाजूस, हा अनुभव कोणास नाही? अशा वेळी तीन मार्ग संभवतात. पहिला, हातास नवे वळण लावण्याचा. दुसरा, डोळ्यावर पट्टी बांधण्याचा. म्हणजे आचरण बदलत नाही म्हणून मतच बदलून टाकण्याचा. तिसरा, डोळा उघडा ठेवूनही हातास जुन्याच वळणाने चालू देण्याचा. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात यांतील दोन मार्गांची उदाहरणे एका पिढीच्या अंतरात सापडतात. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. परंतु १८७३ साली प्रथम पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहास मान देऊन त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूड या आपल्या गावचा बहिष्कार सोसला. कर्व्यांनी बंदूक डोळ्याच्या बाजूस नेली. रानड्यांचा डोळा एका बाजूस व हात दुसऱ्या बाजूस राहिला आणि नेम चुकला.

परंतु रानड्यांनी डोळ्यावर पट्टी बांधली नाही, हेही तितकेच खरे आहे. बालविवाह हाच शास्त्रोक्त मार्ग होय, असे ते त्या दिवसापासून म्हणू लागले असते तर त्यांच्या उक्तीत व कृतीत एक प्रकारची संगती आली असती आणि टीकाकारांची तोंडेही बंद झाली असती. ती संगती त्यांनी पत्करली नाही. ते सुधारणेचा पक्ष मांडीत राहिले, आणि जिच्याशी विवाह करण्यात त्यांचा नेम चुकला त्याच रमाबाईंना त्यांनी शिक्षण दिले. पुढे त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाल्या. उघड्या राहिलेल्या डोळ्याने हातास उशिरा का होईना, पण वळविले.

बंदुकीची उपमा नीतीस येथेच लागू पडेनाशी होते, आणि माझ्या मते या विचारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मैदानावर वडील डोळा झाकणे हा सन्मान्य उपाय आहे. त्यात लबाडी नाही. याचे कारण असे की, झाकलेल्या डोळ्याच्या जागी दुसरा डोळा असतो आणि तोही तेच लक्ष्य पाहतो. शिवाय वडील डोळा हाच अधिक तीक्ष्ण असतो असेही नाही. पुष्कळांच्या बाबतीत धाकट्यालाच अधिक स्पष्ट दिसते. तेव्हा तेथे सत्यास काही उणेपण येत नाही, आणि नेम साधला की नाही हे सांगावयास समोर लक्ष्य निश्चल उभे असते. दहा मीटरवरच्या हवाई रायफलीच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो कोणाचीही भीड धरीत नाही. आचरणात मात्र विवेकाचा डोळा झाकला की त्याच्या जागी पाहणारा दुसरा कोणी उरत नाही. उरते ती सवय, आणि सवय जेथे गोळी लागेल तेथेच लक्ष्य होते असे सांगू लागते. म्हणून ज्याचे आचरण त्याच्या मतामागे पडते त्यास आपण दांभिक म्हणतो तेव्हा थोडे थांबावयास हवे. आचरणाच्या सोयीसाठी मत बदलणारा त्याच्याहून अधिक सुसंगत दिसतो खरा. पण त्याने सुधारण्याचे साधनच गमावलेले असते. पहिल्याला आपला नेम चुकला हे निदान दिसते तरी.

यावर कोणी म्हणेल की, ज्यास जे दिसते तेच योग्य कशावरून? वडील डोळा जर अधिक तीक्ष्ण नसतो, तर प्रबळ मतही अधिक खरे नसेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मत झाकून टाकणे हे नसून मताची परीक्षा करणे हे आहे. फटीतून दिवा पाहण्याची जी युक्ती वर सांगितली तिचे खरे मोल यातच आहे की, आपण कोणाच्या सांगण्यावरून पाहत होतो हे ती दाखवून देते. आपले मत वाचनाने घडले की भीतीने, विचाराने की घरातील वडीलधाऱ्यांच्या धाकाने, हे एकेक डोळा मिटून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिक्षकांच्या पदरी यातून एक कर्तव्य येते. शिकणाऱ्याचा हात आणि डोळा एका बाजूस आहेत की नाहीत, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. त्यास एक मिनिट पुरते. विसंगती आढळली तर कोणता खांदा धरावयाचा हे त्यास दोन्ही मार्ग समजावून देऊन त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. कारण स्वतः पत्करलेल्या कष्टास शिस्त म्हणतात आणि तेच कष्ट दुसऱ्याने न विचारता लादले म्हणजे ती बळजबरी होते. डावखुऱ्या मुलांच्या हातावर छड्या मारून त्यांना उजवे करण्याचा काळ आपल्या शाळांनी पाहिलेला आहे. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. हातास सक्तीने वळविणे आणि हातास डोळ्याचे ऐकावयास शिकविणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीस वेळ लागतो, प्रारंभी गुण कमी पडतात, आणि शिकणाऱ्यास काही महिने आपण पहिल्यापेक्षाही अनाडी झालो असे वाटत राहते. तेवढे महिने त्याच्या शेजारी न रागावता उभे राहणे, हे शिक्षकाचे काम आहे.