जुन्या घराचा धनी



राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण प्रायश्चित्तकाळात पाऊल टाकले. हा काळ सरून ईस्टरचा सण झाला, की आपल्या किनारपट्टीवर घराघरांत आगोटीची कामे सुरू होतील. शाकारणीला माणूस मिळतो का याची चौकशी होईल. फुटकी कौले बाजूला निघतील, कुजलेल्या रिपा बदलल्या जातील, पन्हळीत साचलेला पाला काढला जाईल. पाऊस येणार हे ठाऊक असते, म्हणून आपण घर आधीच तपासतो. आपल्या अंतःकरणाचे घर तपासण्यासाठी ख्रिस्तसभेने आपल्याला हे चाळीस दिवस दिलेले आहेत.

आज आपण अशाच एका घराविषयी मनन करू या. नव्या फ्लॅटची किंमत परवडत नाही म्हणून, किंवा अंगण आणि विहिरीची ओढ सुटत नाही म्हणून, काही कुटुंबे मोडकळीला आलेले जुने घर विकत घेतात आणि दुरुस्त करून त्यात राहतात. या खटाटोपात आनंद आहे, तसा मनस्तापही आहे. ज्यांनी तो केला आहे त्यांना देवाच्या कृपेचे काम कसे चालते हे समजायला फार वेळ लागणार नाही.

पसंती आणि पाहणी

जुने घर पहिल्या भेटीत मन जिंकते. उंच छप्पर, सागवानी तुळया, जाड भिंतींमुळे भर उन्हातही गार असलेली ओटी, परसात फणसाचे झाड. आपण मनातल्या मनात सामान लावूनही मोकळे होतो. दुसऱ्या भेटीत जाणता सुतार सोबत असतो. तो तुळईवर बोटांनी ठोकतो आणि बद्द आवाज आला की मान हलवतो. वरून लाकूड अखंड दिसते, पण आतून वाळवीने पोखरलेले असते. गवंडी जोत्याजवळ बसून भिंतीची भेग पाहतो. ती नुसती गिलाव्याची आहे की पाया खचल्याची, हे त्याला बघायचे असते.

इथे बहुतेक जण माघार घेतात. काही मात्र सारे दोष पाहूनही घर घेतात.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला आठवत असेल. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथची जमीन विकायला घेऊन आला. शत्रूच्या हाती जाणारी जमीन कोण शहाणा घेईल? परंतु देवाच्या सांगण्यावरून यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला बारूखकडे सोपवले. या भूमीत पुन्हा घरे आणि मळे विकत घेतले जातील, असे देवाचे वचन होते. ती खरेदी म्हणजे त्या वचनावर ठेवलेला विश्वास होता.

बंधू-भगिनींनो, आपलीही अशीच खरेदी झाली आहे. आपण मोल देऊन विकत घेतलेले आहोत, असे संत पौल करिंथकरांना सांगतो. प्रभूने आपल्याला पाहिले तेव्हा आपल्या तुळया पोकळ होत्या आणि भिंतींना तडे होते. त्याने कोणता भाग किती कुजला आहे ते पूर्ण जाणले आणि तरीही क्रुसावर पूर्ण किंमत मोजली. आधी सुधारा, मग विकत घेतो, असे तो म्हणाला नाही. आपल्याला अपराधाची लाज वाटते तेव्हा हे ध्यानात ठेवावे. आपल्यातला कोणताही दोष त्याला खरेदीनंतर कळलेला नाही.

कागदाचा पाया

घराला दगडाचा पाया असतो, तसा कागदाचाही असतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी लागते, जुने फेरफार तपासावे लागतात, कोणत्या वारसांची सही आहे आणि कोणाची नाही हे वकिलाकडून समजून घ्यावे लागते. पुष्कळदा घाई इथेच नडते. इसार देऊन झाल्यावर कळते, की लग्न होऊन गेलेल्या बहिणीला कोणी विचारलेलेच नाही.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार ख्रिस्ती मातापित्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा मिळतो. हे माहीत असूनही सणाला साडीचोळी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. तिने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण ‘माहेर तुटेल’ या भीतीने ती सही करत असेल, तर त्या घराच्या पायात तिचे अश्रू गाडलेले आहेत. तसे घर विकणाऱ्यालाही सुख देत नाही आणि ते स्वस्तात मिळाले म्हणून डोळे झाकून घेणाऱ्यालाही नाही. घराला धर्मगुरूंचा आशीर्वाद घेण्याआधी बहिणीचा घ्यावा, असे आपण का म्हणू नये? जक्कयाच्या घरी प्रभू उतरला, तेव्हा त्याने कोणाचे लुबाडले असेल तर चौपट परत देण्याचे वचन दिले. आपल्याला तर बहिणीचे तिलाच द्यायचे आहे.

पोपडे आणि ओल

आता खरे काम सुरू होते आणि खरी परीक्षाही. भिंतीचे पोपडे निघालेले असतात, खाली पांढरा लोणा फुललेला असतो. घाईचा उपाय म्हणजे वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर छानसा रंग. दिवाळीला घर झकास दिसते. पण जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल, तर ती ओल शोषते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापले की बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आतच कोंडते. पुढच्या वर्षी फुगवटा येतो आणि गिलावा दगडाचा थर घेऊन सुटतो. जाणता गवंडी म्हणूनच आधी विचारतो, ‘पाणी येते कुठून?’

हा प्रश्न सोपा नाही. छपरातले पाणी एका जागी शिरते, वाशावरून घरंगळत जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. थेंब पडतो तिथे आपण बादली ठेवतो, पण फुटके कौल चार हातांवर असते.

आपल्या जीवनातही असेच होते. राग जेवणाच्या पानावर बायकोवर टपकतो, पण तो शिरलेला असतो कामाच्या ठिकाणी झालेल्या अपमानातून. दारू रात्री दिसते, पण तिची वाट कधी कर्जातून, कधी एकटेपणातून आलेली असते. भावाशी वर्षानुवर्षे अबोला असतो, आणि मूळ असते वडिलांच्या आजारपणात कोणी तरी बोललेल्या एका वाक्यात. आपण बादल्या बदलत राहतो. ‘यापुढे रागावणार नाही’ असे ठरवतो, नवा रंग देतो, पहिल्या सरीला डाग पुन्हा उमटतो.

लेवीय पुस्तकाच्या १४व्या अध्यायात चट्टे पडलेल्या घराविषयी नियम आहेत. घरात काही विकार दिसला तर मालकाने स्वतः याजकाकडे जाऊन तसे सांगायचे. मग याजकाने घर रिकामे करवून पाहणी करायची, ते सात दिवस बंद ठेवायचे आणि पुन्हा येऊन बघायचे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही विकार उलटला तरच घर पाडायचे. किती धीराचा हा नियम आहे! सुरुवात मात्र मालकाने तोंड उघडण्यापासून होते. माझ्या घरात काहीतरी बिघडले आहे, एवढे त्याने सांगायचे. बाकीची तपासणी पुढची.

प्रायश्चित्त संस्कार याहून फार वेगळा नाही. तिथे आपण रंगवलेली भिंत दाखवायला जात नाही. पापांची यादी म्हणून दाखवताना ‘पाणी कुठून येते’ याचाही शोध घेतला, तर एकच पाप वर्षानुवर्षे का उलटते हे उमगू लागेल. आणि एक आधार लक्षात घेऊ या. कौलारू छपरात एक कौल फुटले तर तेवढे एकच बदलता येते. सारे छप्पर उतरवावे लागत नाही. चाळीस दिवसांत सारे आयुष्य बदलणे आपल्याला जमणार नाही, पण एक फुटके कौल शोधून बदलता येईल.

राहत्या घराची दुरुस्ती

दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या रकमेत बसत नाही, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाला कळते. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून हिशेब करावा, हे प्रभूचे बोल लूकच्या शुभवर्तमानात आहेत. कर्ज घेताना ते अवश्य आठवावेत. तरीही एक तुळई काढली की दुसरी खचलेली निघते. भाड्याचे घर आणि कर्जाचा हप्ता दोन्ही झेपत नाहीत, म्हणून कुटुंब अर्धवट घरातच राहायला येते. एका खोलीत चूल, दुसरीत वाळूचा ढीग. सिमेंटची धूळ भातात पडते. नवराबायकोत खटके उडतात. ‘कुठून ही अवदसा आठवली’ असे शब्द तोंडून जातात. अशाच एखाद्या संध्याकाळी शेजारची मावशी कालवणाचे पातेले घेऊन येते, मुले नव्या ओट्यावर अभ्यासाला बसतात, आणि हे घर आपले आहे असे पहिल्यांदा वाटते.

प्रभूही आपल्यात असाच राहायला आला आहे. काम पूर्ण होईपर्यंत तो बाहेर थांबला नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी त्याने आपले बिऱ्हाड आपल्यात मांडले, आणि तेव्हापासून धुळीतच तो आपल्याबरोबर राहतो. दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, अशा अर्थाची प्रार्थना आपण म्हणतो. छप्पर गळके आहे हे आपण कबूल करतो आणि तरीही तो येतो. मग आपल्याच घरातला सासरा, सून किंवा वाट चुकलेला मुलगा सुधारेपर्यंत त्याच्याशी बोलायचे नाही, असे आपण कसे ठरवू शकतो? माणूस पाडून नवा बांधता येत नाही. त्याच्याबरोबर राहूनच त्याची दुरुस्ती होते, आणि ती होताना आपलीही होते.

असिसीचे संत फ्रान्सिस कापड व्यापाऱ्याचे पुत्र. १२०५ च्या सुमारास सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रुसासमोर प्रार्थना करताना, माझे घर मोडकळीला आले आहे, ते नीट कर, अशी प्रभूची हाक त्यांना ऐकू आली. त्यांनी वडिलांच्या दुकानातले कापड आणि घोडा विकून पैसे आणले. तिथल्या धर्मगुरूंनी ते नाकारले. मग फ्रान्सिस असिसीच्या रस्त्यांवर दगड मागत फिरले आणि स्वतःच्या हातांनी भिंती रचू लागले. दुसऱ्याच्या पैशाने जे झाले नाही, ते स्वतःच्या घामाने झाले. त्याच दुरुस्त केलेल्या जागेत पुढे संत क्लारा आणि त्यांच्या भगिनी राहिल्या. हाक केवळ त्या चार भिंतींसाठी नव्हती, साऱ्या ख्रिस्तसभेसाठी होती, हे फ्रान्सिसना हळूहळू उमगले. पण त्यासाठी आधी हाताला चुना लागावा लागला.

तेव्हा या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. कुटुंबात संध्याकाळच्या रोझरीनंतर पाच मिनिटे बसून, आपल्या घरात ओल कुठे आहे हे एकमेकांवर बोट न दाखवता बोलू या. वाटणीत कोणाचे राहिले असेल, तर ईस्टरपूर्वी त्या भावाबहिणीच्या दारी स्वतः जाऊ या. आणि पुष्कळ दिवस टाळलेल्या प्रायश्चित्त संस्काराला येऊ या.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास. लाकूड पोकळ आहे की भरीव, हे तुला एका स्पर्शाने कळते. आम्हाला ठोकून पाहा. आम्ही कुलूप लावून ठेवलेली खोली तुझ्यासाठी उघडतो. जे कुजले आहे ते काढ, जे टिकाऊ आहे ते राख, आणि काम पुरे होईपर्यंत आमच्याबरोबर राहा. आमेन.